टरबुजाच्या वाडीतून सरळ

भोकरच्या पुढे जीपमधून उतरल्यापासून जहांगीरभाईंचं तोंड चालू होतं आणि किशनराव खाली मान घालून चालत होते. किशनराव लातूरचे निवृत्त ग्रंथपाल. त्यांनी लिहिलेलं 'डोंगरतळ्यांच्या वाटा' हे चाळीस पानी पुस्तक जहांगीरभाईंनीच नांदेडच्या आपल्या छापखान्यात छापलं होतं. आज लेखकाच्या पाठीमागून त्याच वाटा चालायच्या, असा त्यांचा हट्ट होता.

"मियाँ, दोन तळी झाली. दोन्ही ठिकाणी तुमचं पुस्तक खरं निघालं. आता चेहरा कशाला पाडता?"

"त्या दोन वाटा मी तीन-तीनदा चाललोय. ही एकदाच."

खिंड ओलांडली आणि खाली पाणी दिसलं. डोंगराच्या पायथ्यापासून पायथ्यापर्यंत निळंशार, त्यात सागाच्या उताराची सावली पडलेली.

"सुभानल्ला!" जहांगीरभाई म्हणाले.

किशनराव मात्र खाली वाडी शोधत राहिले. आपली वाक्यं त्यांना पाठ होती. 'खिंड उतरल्यावर टरबुजाच्या वाडीतून पायवाटेनं सरळ समोरच्या चिंचेकडे जावं. तलाव उजव्या हाताला राहतो.' चिंच समोर होती. वाडी नव्हती. ते आले होते एका कोरड्या वर्षाच्या मे महिन्यात. पाणी आटून कोपऱ्यात गेलं होतं आणि उघड्या पडलेल्या गाळात लोकांनी टरबुजं लावली होती. कोपऱ्यातलं डबकं म्हणजेच तलाव, असं समजून ते तळ्याच्या पोटातून चालत गेले होते. आणि तसंच लिहिलं होतं.

ते घाईघाईनं काठापर्यंत उतरले, आणि थबकले.

काठावर बायकी मापाचे निळे बूट होते. मोजे घडी करून आत खोचलेले. शेजारी, वाऱ्यानं उडू नये म्हणून दगडाखाली ठेवलेलं, त्यांचं पुस्तक.

जहांगीरभाई पुस्तकापाशी वाकले.

किशनराव चपलांसकट पाण्यात शिरले. घोटाभर, गुडघाभर. मागून जहांगीरभाईंनी त्यांची कॉलर धरली.

"ओ आजोबा!" बाभळीआडून एक बाई ओरडली. "तुमीबी शिरून राहिले का? आज काय झालंय लोकायला?"

"हे बूट... ही बाई..." किशनराव म्हणाले.

"हाय की! माझ्या झोपडीत बसलीय. आमच्या मालकानं थर्माकोलच्या तराफ्यावर ओढून आणली. मासे धरायला गेलते म्हणून बरं. लई पाणी गेलं पोटात."

बाईचं नाव तारामती. तिच्या झोपडीत चुलीपुढे गोधडी लपेटून एक मुलगी बसली होती. केस ओले, दात कडकड वाजत होते. लायबा तिचं नाव, धर्माबादच्या शाळेत शिकवायची.

"पाऊस झाला म्हणून वाटेवर थोडं पाणी आलं असेल, असं वाटलं मला," ती म्हणाली. "पहिल्यांदा गुडघाभरच होतं. मग खाली काहीच लागेना. पुस्तकात लिहिलंय म्हणजे बघूनच लिहिलं असेल ना?"

"बेटी, छपाईत चुका होतात," जहांगीरभाई पटकन म्हणाले. "पुस्तक मीच छापलंय. एखादी ओळ राहून गेली असेल."

किशनरावांनी मित्राकडे पाहिलं. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

"ओळ राहिली नाही," ते म्हणाले. "मीच तशी लिहिली."

लायबा बघतच राहिली. "तुम्ही? कितीदा चाललात इथून?"

"एकदा. मे महिन्यात."

तारामती हसली आणि लगेच गंभीर झाली. "मे महिन्यात तर माझीच वाडी असती तिथं. या दिवसात कुणी जातं का?"

"पुढच्या रविवारी शाळेची पोरं आणणार होते मी," लायबा हळूच म्हणाली. "छत्तीस. आज नुसती वाट कशी आहे ते बघायला आले होते."

किशनरावांच्या ओठांपर्यंत माफी आली होती, पण ती फार लहान वाटली. त्यांनी विचारलं, "जहांगीरभाई, पुस्तक कुणी कुणी नेलं, काही ठाऊक?"

"मियाँ, दुकानातून नाव सांगून कोण पुस्तक नेतं?"

उन्हं कलली. तारामतीनं शेवटच्या जीपची आठवण करून दिली. जहांगीरभाईंनी लायबाला हात देऊन उठवलं.

"तुम्ही दोघं जा," किशनराव म्हणाले. "मी आज इथंच थांबतो."

ते काठावर जाऊन पाण्याकडे पाठ करून बसले. खिंडीतून कुणी उतरतंय का, बघत.