फरसबंदी गल्लीत विल्फ

आमच्या सायकल क्लबात अख्खा हिवाळा एकाच गल्लीवरून भांडणं झाली. गावाच्या मधोमध बाजाराची फरसबंदी गल्ली आहे, पायी चालणाऱ्यांसाठी राखलेली. आमचा कप्तान डेस्मंड म्हणायचा, "तिथे उतरायचं आणि सायकल ढकलत न्यायची. लोक आधीच आपल्या नावाने खडे फोडतात." त्याच्या आईला तिथेच एका सायकलवाल्याने पाडलं होतं, खुब्याचं हाड मोडलं. ते मला कळतं. पण माझ्या नवऱ्याचं, विल्फचं काय? त्याला कंपवात. चालायला लागला की पाय जमिनीला चिकटतात. सीटवर बसवा, दुसऱ्या गावाला जाऊन येईल.

"सायकल चालवता येते आणि चालता येत नाही? एडना, हे सांगतेस कुणाला?" डेस्मंड सगळ्यांसमोर म्हणाला.

"डोकं असेल त्याला. तू ऐकू नकोस."

बाहेरच्या मोठ्या रस्त्याने जा, असंही सुचवून झालं. तिथे ट्रकच्या नुसत्या वाऱ्याने माणूस आडवा होतो. अर्धे माझ्या बाजूचे, अर्धे त्याच्या, म्हणून ठरलं काहीच नाही. मी विल्फला बजावलं, "कुणी काही म्हणो, तू उतरायचं नाहीस."

शनिवारी सकाळी सगळे चहाला निघालो, एकामागे एक. विल्फ पुढे, डेस्मंडच्या पाठोपाठ. मी शेवटी, आणि नेमकी सिग्नलला अडकले. गल्ली समोर दिसत होती, मध्ये गाड्यांची रांग.

गल्लीच्या तोंडाशी डेस्मंडने हात वर केला. सगळे उतरले. विल्फसुद्धा उतरला! पुढच्याचा हात वर गेला की थांबायचं, हे जन्मभर सायकल चालवून त्याच्या अंगात मुरलेलं. माझं बोलणं कुठलं आठवतंय!

बाकीचे ढकलत पुढे गेले. विल्फ दोन पावलं चालला आणि खिळला. सायकल हातात धरून फरशीकडे बघत उभा.

तेवढ्यात पाववाल्याची व्हॅन उलटी येऊ लागली. टूं टूं वाजत होती. तिच्या वाटेतले सगळे बाजूला होत होते, तो सोडून.

"विल्फ!" मी ओरडले. माझ्या आणि त्याच्या मध्ये एक बस आली. ती जाईपर्यंत मला काही दिसेना. टूं टूं तेवढं ऐकू येत होतं. आता आवाज थांबेल, आणि का थांबला ते मला बघावं लागेल, एवढंच मनात.

आवाज थांबला.

बस सरकली. डेस्मंड स्वतःची सायकल फेकून व्हॅनच्या पाठीवर दोन्ही मुठी आपटत होता. व्हॅन विल्फच्या पुढच्या चाकाला टेकली होती. विल्फ उभाच.

मी पोचले तेव्हा डेस्मंडचा चेहरा राखेसारखा. "अरे, बाजूला का नाही झालास?"

"होत होतो रे. पाय येईनात."

"मग उतरलास कशाला?"

"तू हात वर केलास ना."

व्हॅनवाला हॉर्न मारत होता, विल्फ अजून तिथेच चिकटलेला. शेवटी डेस्मंडनेच विल्फची सायकल कलती करून धरली, विल्फचा पाय उचलून पलीकडे टाकला, त्याला सीटवर बसवला.

"मी मात्र इथे सायकलवर बसणार नाही, एडना," तो म्हणाला.

"नको बसूस. पुढे चालत राहा, वाट करून दे."

मी मागून जरासा धक्का दिला आणि विल्फ निघाला, पाण्यावरून गेल्यासारखा. पुढे डेस्मंड सायकल ढकलत, "जरा सरका, बाई. बाबा, पोराला धरा." एक म्हातारा काठी उगारून ओरडला, "उतर खाली! पाटी वाचता येत नाही?"

"तो उतरला तर तुम्हीच उचलून न्या," डेस्मंड म्हणाला.

मला हसू यायला हवं होतं. मी सायकलवर टांग मारायला गेले, तर पाय वर जाईना. एक लहान मूल विल्फच्या चाकासमोरून पळालं तेव्हा तर मी डोळेच मिटले. मग त्या अख्ख्या गल्लीतून मी सायकल ढकलत नेली, मी! डेस्मंडने वळून पाहिलं. मग पुन्हा पुढे बघून त्याचं "जरा सरका" सुरू झालं.