पडीक रानातला वाटाणा

काहीही न करण्याचे पैसे सरकार देतं, हे थोरल्या काकांच्या गळी कधी उतरलंच नाही. नदीकाठचं रान तीन वर्षं पडीक ठेवायचं, त्यात दाणाही पेरायचा नाही आणि दरवर्षी अनुदान घ्यायचं! अर्ज भरला होता त्यांच्या पुतणीनं, शाळेतल्या कॉम्प्युटरवर. घरात तिला सगळे वकीलबाई म्हणत, कारण तिच्या तोंडाला कुलूप असं नव्हतंच. पहिल्या वर्षाचे पैसे आले तेव्हा ती अंगणभर नाचली होती. त्यातूनच तिच्या ताईची नर्सिंगची फी भरली आणि तिला शहरात खोली मिळाली.

काका मात्र रोज रानाकडे चक्कर मारून यायचे आणि मुकाट्यानं जेवायला बसायचे. "रिकामं रान अन् रिकामा मी," एवढंच कधीतरी म्हणायचे. कुणी फारसं मनावर घेतलं नाही. वकीलबाईनं तर नाहीच नाही.

दुसऱ्या वर्षी तपासणीला कृषी अधिकारी मॅडम आल्या. बुटांना चिखल, काखेत फाइल, चेहऱ्यावर दहा गावं फिरल्याचा शीण. वकीलबाई ऐटीत पुढे, काका मागे. गुडघाभर गवत तुडवत सगळे मधोमध आले आणि ती जागीच थबकली. गवताआड वाटाणा होता. लुसलुशीत, फुलावर आलेला.

तिनं वळून पाहिलं, तर काका आभाळ न्याहाळताहेत!

"हे काय?" मॅडमनी विचारलं.

"आपोआप उगवलाय, मॅडम! पूर्वी इथं वाटाणाच असायचा ना. शेंगा तडकतात, दाणे सांडतात, पाखरं इकडचे तिकडे नेतात..." तिची जीभ सुसाट सुटली होती.

मॅडम खाली वाकल्या. बराच वेळ वाटाण्याकडे बघत राहिल्या, मग पोरीच्या तोंडाकडे. "पाखरांनी, असं लिहिते," त्या सावकाश म्हणाल्या. "उद्यापर्यंत सगळा उपटून टाका." आणि त्यांनी पेनचं टोपण काढून लिहायला घेतलं.

"पाखरांनी?" मागून काका.

"काका, गप्प बसा ना हो!"

"अगं, पण पाखरांनी? इथं उभी राहा अन् एक डोळा मिटून बघ. बोटभर तरी हललीय का ओळ? दोन रोपांत बरोब्बर वीतभर अंतर. दोरी नाही, काही नाही, नुसत्या हातानं! हे पाखरांचं काम?" वर्षभरात त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला होता. डोळे चमकत होते.

मग ते चमकायचे थांबले.

मॅडमनी लिहिलेलं खोडलं. "तुम्ही बोललात आणि मी ऐकलं. आता पाखरांवर कसं ढकलू, काका?" यंदाचं अनुदान बंद, गेल्या वर्षीचं परत करायचं. मॅडमनी दाखवलेल्या जागी काकांनी सही केली.

संध्याकाळी आईनं ताईला फोन लावला. "खोली सोड आणि ये," एवढं बोलून तिनं फोन ठेवला आणि ती चुलीकडे तोंड करून बसली.

काका बाहेर पायरीवर होते. वकीलबाई त्यांना चांगलंच फैलावर घ्यायचं ठरवून गेली होती. वाटेत वाक्यं जुळवली होती, एकाहून एक जहरी. काका मान वर न करता म्हणाले, "वाटलं, एकच ओळ. गवतात कुणाला दिसतेय."

"अकरा होत्या."

"हो. एकीवर हात थांबेना."

ती उभीच राहिली. त्यांच्या नखांत अजून माती होती. उपटायचं कामही त्यांनी दुपारीच उरकलं होतं, एकट्यानं.

"ताई सकाळच्या बसनं येतेय," ती म्हणाली.

"सामान फार असेल तिचं. पुस्तकं, गादी. मी जातो स्टँडवर, डोक्यावर घेऊन येईन."

"नको," ती म्हणाली. "तुम्ही नका येऊ तिच्यासमोर. मी जाईन."

काकांनी मान हलवली आणि ते तिला आत जायला वाट मिळावी म्हणून पायरीवर जरा बाजूला सरकले.