कुसाबाईंची बिनइंजिनाची फियाट

मनीषाच्या पाठवणीच्या वेळी फियाटच्या छताचं कापड सुटलं आणि मागच्या सीटवर बसलेल्या नवरा-नवरीच्या मधोमध लोंबायला लागलं. क्षणभर कुणाला काही कळलंच नाही. मग मांडवाच्या दाराशी उभा असलेला कुणीतरी ओरडला, "अरे, पुन्हा अंतरपाट धरला!" आणि एका म्हाताऱ्या काकांनी लगेच खड्या आवाजात मंगलाष्टक सुरू केलं. ओक्साबोक्शी रडणारी मनीषा तोंडावर पदर धरून हसायला लागली. वऱ्हाडी हसले, बँडवाले हसले. फक्त स्टेअरिंगवर बसलेली तिची वहिनी सुवर्णा लाजेनं लाल झाली होती.

ही नव्याण्णव सालची गोष्ट. सुवर्णा आणि तिचा नवरा जीवन यांचा सायखेड्याला झेंडू-शेवंतीचा मळा. फुलं नाशिकला न्यायला त्यांनी एका डॉक्टरांची जुनी, अडुसष्ट सालची फियाट घेतली होती. गाडी चालवायची सुवर्णा. तिच्या वडिलांचा टेम्पो होता, त्यामुळे ती लग्नाआधीच शिकून आलेली. जीवन एकदा शिकायला बसला, विहिरीच्या कठड्यापाशी कसाबसा थांबला आणि तेव्हापासून शेजारच्या सीटवरच खूश होता.

फियाटचं इंजिन घड्याळासारखं चालायचं. पण रोजच्या ओल्या गोण्यांनी आत पार उकिरडा झाला होता. दारांचे पुठ्ठे फुगून फाटलेले, हात टेकायचे दांडे गेलेले. काचा वर-खाली करायची हँडलं कधीच पडली होती. त्यांच्या जागी एक पक्कड होती, ती चारही दारांना फिरायची.

मनीषाला सासरी पोचवून परत येताना सुवर्णा म्हणाली, "आता ही गाडी आतून नवी करायची. जशी कारखान्यातून निघाली होती, तशीच."

"करू की," जीवन म्हणाला. "त्यात काय एवढं?"

एवढंसं वाटलेलं काम फार मोठं निघालं. फुलं उतरवून झाली की दोघं नाशिकमधली जुन्या सामानाची दुकानं पालथी घालायची. भद्रकालीत गेले, सारडा सर्कलला गेले. ब्रेक मिळत होते, पिस्टन मिळत होते, पण आतलं काही म्हणता काही मिळेना. एक सीटवाला म्हणाला, "कशाला शोधता वहिनी? लाल मखमल लावून देतो, वर सोनेरी झालर." जीवनला ते मनापासून आवडलं. सुवर्णानं त्याला दंडाला धरून बाहेर आणलं.

शेवटी मोतीराम नावाच्या एका दुकानदारानं ठिकाण सांगितलं. "इगतपुरीला कुसाबाई म्हणून आहेत. त्यांचे मालक रेल्वेत गार्ड होते. तुमच्याच गाडीची जुळी बहीण त्यांच्या पडवीत उभी आहे. इंजिन नाही, पण आतून नवी नवरी. मी दोनदा जाऊन आलो. बाई चहा देतात, सामान देत नाहीत."

दसऱ्याला झेंडूची धांदल असते. ती सरली तशी दोघं इगतपुरीला निघाली. घोटीच्या पुढं दोन्ही अंगाला भात पिवळा पडायला लागला होता. कुसाबाईंचं घर शोधायला वेळ लागला नाही. सुवर्णानं अंगणात गाडी उभी केली, तर साठी ओलांडलेली एक किडकिडीत बाई सुपातले तांदूळ तसेच टाकून पुढं आली. तिनं गाडीकडं पाहिलं, मग जीवनकडं, मग सुवर्णाकडं.

"गाडी कोणी आणली?"

"मीच, मावशी."

"सायखेड्याहून? एवढ्या लांब?"

"मला नाय येत चालवायला," जीवननं प्रामाणिकपणे सांगितलं.

कुसाबाईंनी चहाचं विचारायच्या आधीच सुवर्णाचा हात धरला आणि तिला पडवीत नेलं. गोणपाटाखाली फियाट उभी होती. त्यांनी दार उघडलं तशी सुवर्णा जागच्या जागी थांबली. दारांचे पुठ्ठे फिक्या निळ्या रंगाचे, एक ओरखडा नाही. छताचं कापड ढोलकीसारखं ताणलेलं. चारही हँडलं चकाकत होती. आतून धुराचा मंद वास येत होता.

"इथला पावसाळा तुम्हाला ठाऊक नाही," कुसाबाई म्हणाल्या. "चार महिने कपडे वाळत नाहीत. म्हणून मी पडवीत निखाऱ्याची शेगडी ठेवते. आधी कपडे शेकायचे, मग गाडी."

"आणि इंजिन?"

"दुरुस्तीला म्हणून मुंबईला गेलं, ते गेलंच. तेवढ्यात हेही गेले." धोंडीराम त्यांचे यजमान. भिंतीवरच्या त्यांच्या फोटोकडं न बघताच त्या बोलत होत्या. "रिटायर झालो की तुला गाडी शिकवतो म्हणाले होते. सगळं तोंडी सांगून ठेवलं होतं. क्लच कधी, गिअर कधी. मी रोज दुपारी इथं बसून करते."

"काय करता?"

कुसाबाई शांतपणे आत बसल्या. पदर खोचला, क्लच दाबला आणि स्टेअरिंगच्या बाजूची गिअरची दांडी पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या गिअरला सरकवली. कुठं अडखळल्या नाहीत. पडवीतल्या भिंतीकडं बघत त्यांनी एक वळणही घेतलं.

"मला गाडी येते," त्या म्हणाल्या. "गाडीच चालत नाही, त्याला मी काय करू?"

सुवर्णाला हसूही आलं आणि डोळेही भरले. सामानाचं विचारावं कसं, हेच तिला कळेना. या गाडीचं दार काढायचं म्हणजे या बाईची रोजची दुपार काढून न्यायची. ती बाहेर आली आणि आपल्या फियाटची किल्ली कुसाबाईंच्या हातावर ठेवली.

"घराच्या मागं मोकळं रान आहे ना? चला."

जीवन म्हणाला, "मी इथंच थांबतो."

कुसाबाईंनी देवाला हात जोडले, किल्ली फिरवली, आणि इंजिन सुरू झाल्यावर दचकून सुवर्णाकडं पाहिलं. हा आवाज त्यांच्या सरावात कधी नव्हता. पण क्लच अलगद सुटला आणि गाडी निघाली. दुसरा गिअर पडला. तिसरा पडला. बांधाकडच्या कोंबड्या चहूकडं उडाल्या.

"मावशी, ब्रेक!"

"तो कधी दाबायचा असतो?"

भिंतीपुढं उभ्या असलेल्या गाडीला ब्रेकची गरजच पडली नव्हती. फियाट संथपणे पेंढ्याच्या गंजीत शिरली आणि बंद पडली. जीवन धावत आला. गंजीतून आधी सुवर्णाचा हसण्याचा आवाज आला, मग कुसाबाईंचा. दोघी पेंढा झटकत उतरल्या. गाडीला काहीसुद्धा झालं नव्हतं.

"सामान घेऊन जा," कुसाबाई म्हणाल्या. "सगळं घेऊन जा. मला आता उभी गाडी नको. पण मीही येणार. ते नीट बसेपर्यंत राहणार आणि ब्रेक शिकूनच परत येणार."

"दिवाळीलाच राहा ना मावशी," सुवर्णा म्हणाली.

दारांचे निळे पुठ्ठे, छताचं कापड, दांडे, हँडलं सगळं गोधड्यांत गुंडाळून मागं रचलं. पुढच्या सलग सीटवर तिघं दाटीवाटीनं बसले आणि गाडी सायखेड्याला आली.

बसवायचं काम जीवननं केलं. स्टेअरिंगवर गोंधळलेले त्याचे हात इथं भलतेच स्थिर होते. लहानपणापासून फुलांचे हार ओवलेले ते हात. तोरणाची मोठी सुई घेऊन तो मागच्या सीटवर उताणा पडायचा आणि छताचं कापड टाका-टाका शिवायचा. कुसाबाई बाहेरून सूचना द्यायच्या. "डावीकडं चुणी पडली बघ."

"मावशी, तुम्ही जाऊन ब्रेक दाबा," तो आतूनच म्हणायचा.

आणि त्या खरोखरच दाबायच्या. सकाळी जीवनचं काम सुरू व्हायच्या आधी, बाजरी काढलेल्या रिकाम्या वावरात, सुवर्णा शेजारी बसायची. काढलेल्या शेवंतीचे ढीग ठेवून ती म्हणायची, "इथं थांबायचं, फूल चिरडलं तर हार तुम्ही ओवायचा." पहिल्या आठवड्यात कुसाबाईंनी बरेच हार ओवले.

वसुबारसेला मनीषा माहेरपणाला आली. दार उघडून ती बघतच राहिली. तिनं निळ्या दारावरून हात फिरवला, हँडल फिरवून काच खाली घेतली, वर घेतली, परत खाली घेतली. "वहिनी, ही आपली गाडी?"

"जरा मावशींचीही आहे," सुवर्णा म्हणाली.

भाऊबीज झाली, तशी सुवर्णानं नाशिकच्या आरटीओतून कुसाबाईंचं शिकाऊ लायसन्स काढून आणलं. तिथल्या साहेबांनी वय वाचून चष्मा काढला, पण त्यांच्या प्रश्नांची उत्तरं कुसाबाईंनी धोंडीरामांच्याच शब्दांत खडाखडा दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पहिल्यांदा रस्त्यावर गाडी घेऊन निघाल्या. सुवर्णा शेजारी, मनीषा आणि जीवन मागं. गोदावरीवरचा पूल आला, समोरून कांद्याचा ट्रक आला. जीवननं डोळे मिटले. कुसाबाईंनी वेळेवर ब्रेक दाबला, गाडी कडेला घेतली, ट्रकला वाट दिली. ट्रकवाल्यानं मान बाहेर काढून बघितलं आणि कपाळाला हात लावून सलाम ठोकला.

"पोरी," कुसाबाई म्हणाल्या, "हॉर्न कुठला गं?"

सुवर्णानं दाखवला. पुलाच्या पलीकडं रस्ता मोकळा होता, वाटेत चिटपाखरू नव्हतं. तरी कुसाबाईंनी हॉर्न दाबला, आणि मग चांदोरी गावापर्यंत त्या दाबतच राहिल्या.