मानाचं हाड

डॉक्टरने जिपारला कोट घ्यायला बाहेर पाठवलं आणि मला दाराआड ओढलं. "कॅन्सर आहे. थायरॉइडमध्येच उगवलेला लिम्फोमा. तीस वर्षांत मी दुसरा पाहतोय. हाशिमोटोच्या, म्हणजे थायरॉइडच्या जुन्या सुजेत लपून वाढला. औषधांनी हटतो, पण सोमवारी बिश्केकला दाखल करा. बायकोला सांगू नका, खचेल."

आमच्याकडे कॅन्सर रोग्याला सोडून सगळ्यांना सांगायची पद्धत आहे. मी कॉलेजात इतिहास शिकवतो. मीही पद्धत पाळली. संध्याकाळपर्यंत नारीनमधल्या आमच्या अर्ध्या गल्लीला कळलं.

जिपार मात्र हलेना. "गळ्याच्या सुजेसाठी बिश्केक? अठरा वर्षं गोळी घेतेय की."

तिचा आवाज घोगरा झाला होता, उताणं झोपलं की श्वास अडायचा. आम्ही सगळे "किती छान दिसतेस" म्हणत राहिलो. माझा थोरला भाऊ सोवेतबेक गळ्यावरचं घरगुती औषध म्हणून अक्रोडाच्या आतले पातळ पडदे व्होदकात मुरवून घेऊन आला. वास असा, की गुरांच्या दवाखान्यात शिरल्यासारखं वाटावं. दिराचं मन मोडू नये म्हणून ती रोज मुकाट्याने प्यायली. मी रोज ग्लास विसळला. सोमवार गेला.

बुधवारी माझ्या आईने, आपाने, नवसाची मेंढी कापवली. आमच्यात हाडं मानाप्रमाणे वाटतात: घरातल्या थोरल्या बाईला कमरेचं, सुनेला फासळी. आपाने स्वतःचं हाड उचलून जिपारच्या ताटलीत ठेवलं.

"आपा, हे तुमचं."

"खा गं पोरी. ताकद लागेल तुला."

जिपारने हाडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बावीस वर्षं फासळी खाल्ली मी. आज हे आलं. कुठला कॅन्सर आहे?"

"सूज आहे नुसती," सोवेतबेक भरल्या तोंडाने म्हणाला.

मी सांगितलं. नाव, सोमवार, सगळं.

"औषध आहे त्यावर?"

"आहे. वेळेत गेलं तर."

"आणि तू सहा दिवस ग्लास विसळत होतास." तिने हाड आपाच्या ताटलीत परत ठेवलं. "मला फासळीच द्या. उद्याच्या गाडीत जागा सांग, माझी एकटीची. तू आलास तर वाटभर छान दिसतेस म्हणशील."

आपाने हाडाला हात लावला नाही. चरबी थिजून पांढरी झाली. शेवटी सोवेतबेकने ते ओढून घेतलं, नवसाचं वाया जायला नको म्हणून, आणि चोखत बसला.

मी आमच्याच गल्लीतल्या ड्रायव्हरला फोन लावला आणि बिश्केकची उद्याची एक जागा सांगितली.

"एकच जागा ना?" तो म्हणाला. "म्हणजे वहिनींना कळलं वाटतं."