दाजींचा ड्राइव्ह

कॉम्प्युटरवर विंडोजच्या जोडीला लिनक्स टाकताना पुन्हा तोच एरर आला आणि संजनाचं डोकंच फिरलं. डिस्कवर जागा ढीगभर रिकामी, पण या जुन्या धाटणीच्या डिस्कवर चारच पार्टिशन, म्हणजे कप्पे, पाडता येत, आणि चार आधीच असल्यानं पाचवं होईना. ती चार तिच्या भावानं, आयुषनं पाडलेली: विंडोजचं, बाबांचं, स्वतःचं आणि येवल्याहून दिवाळीपुरत्या येणाऱ्या दाजींचं.

"दाजींचं उडवू नकोस हं, त्यांना काय वाटेल?" आयुष म्हणाला.

तिनं ते उघडलं. आत एकही फाइल नव्हती.

"रोज यावर मी राबते, आणि माझ्या नावाचं काहीच नाही!" ती कडाडली. "दाजी आले की खुशाल पाट मांड, फराळ वाढ. इथनं मात्र ते उठले!"

आणि तिनं डिलीट दाबलं.