आज्जाच्या साडेसहा उठबशा

आमच्या आज्जाचे, म्हणजे धुळाप्पाचे, दोन्ही गुडघे झिजलेत. सोलापूरच्या सिद्धेश्वरी मॅडम सहा आठवडे त्याला मोबाईलवरून व्यायाम शिकवत होत्या. मोबाईल पेंडीच्या पोत्याला टेकवलेला. मॅडम गुडघा बघायच्या, आज्जा स्क्रीनमध्ये बघून फेटा नीट करायचा.

आज शेवटची परीक्षा. अर्ध्या मिनिटात, हात न टेकता, खुर्चीतून बारा वेळा उठायचं. माझ्या बापानं, अजिनाथनं, आधीच जाहीर केलेलं, "बारा झाल्या तर मेंढरं घिऊन तुमीच जावा माळाला. न्हाय झाल्या तर करमाळ्याचा काका येऊन न्हील समदी."

त्यामुळं एकशे चौदा मेंढरं वाडग्यातनं, म्हणजे त्यांच्या काटेरी कुंपणातनं, निकालाची वाट बघत होती.

"सुरू!" म्हणाल्या आणि मॅडम तोंड उघडं ठेवून अडकल्या. रेंज गेली. मी मोबाईल घेऊन पळत पाण्याच्या टाकीवर चढले. बापाला बघवेना, त्यानं भिंतीकडं तोंड केलं. खालनं फक्त आज्जाचा आवाज.

"...चार... पाच... सहा!"

"वेळ संपली," अडकलेल्या मॅडम न हलता बोलल्या. "सहाच झाल्या, आजोबा."

बापानं करमाळ्याच्या काकाला फोन लावला.

"सहाच कशानं? पुऱ्या सहा की!" आज्जा भडकला.

आणि माझी ट्यूब पेटली. आज्जा रोज वाडग्याच्या दाराशी मेंढरं जोडीनं मोजतो. दोन आत गेली की एक. आमची एकशे चौदा मेंढरं त्याच्या हिशोबात सत्तावन्न.

"आज्जा, दोनदा उठून एक म्हणतोस व्हय?"

"मग? एकेक मोजाया मी काय मास्तर हाय?"

मॅडम हलल्या. "थांबा. मी रोज दहा सांगितलेल्या, तुम्ही वीस करत होता?"

"दहाच की!"

"म्हणून दुखत होतं! म्हणून मी तुम्हाला पाचावर आणलं!"

"तवापास्नं लई बरं हाय बघा."

मॅडमनी कपाळाला हात लावला. पाच मिनिटं विश्रांती, मग परत परीक्षा, या खेपेला मी टाकीवरनंच कॅमेरा आज्जावर धरणार, आणि मोजणार मॅडम.

"नऊ! दहा!" मॅडम ओरडायला लागल्या. "अकरा!" बाप भिंत सोडून पळत आला. "बारा!" मेंढरंसुद्धा ओरडली. आज्जा थांबतोय कुठला! तेरावी झाली तेव्हा कुठं वेळ संपली.

बापानं इतका वेळ लाईनवर ताटकळलेल्या काकाचा फोन कट केला. मी टाकीवर नाचले.

आज्जा मात्र काळजीत.

"साडेसा," तो म्हणाला. "एक जादा आलंय. दुसऱ्या कुणाचं तरी मेंढरू शिरलं बघ."

आणि हात न टेकता उठून तो तरातरा वाडगं मोजायला गेला.