ह्यांचं विमान

आमच्या मालकांना बाविसाव्या वर्षी हवाई दलाच्या भरतीतून डोळ्यांमुळं परत पाठवलं. आता पासष्टीत साखरेनं उरलीसुरली नजरही नेली. हातभरापलीकडं सगळं धूसर. डॉक्टर म्हणाले, तेवढंही फार दिवस राहायचं नाही. त्याच आठवड्यात ह्यांनी पुण्याहून रिमोटच्या लढाऊ विमानाचा खोका मागवला. "एकदा उडवायचंय," एवढंच बोलले.

दोन महिने घरभर फोमचे तुकडे. हे बोटांनी चाचपून चिकटवायचे, मी नाम घेत पंख धरून बसायची. शेजारच्या गोजरबाई म्हणाल्या, "नातवंडांची खेळणी तुमीच घेऊन बसला व्हय?"

पौषात, ऊस तुटून गेलेल्या वावरात, मी वाऱ्याकडं तोंड करून विमान फेकलं. उडालं! रिमोट ह्यांच्या हातात, नजर माझी. पण ते वळून आमच्याकडं यायला लागलं आणि मी ओरडले, "उजवीकडं घ्या!" ती माझी उजवी. समोरून येणाऱ्या विमानाची ती डावी. ते उलटंच वळलं आणि बाभळीवर आदळलं.

"राहू दे आता," म्हणत ह्यांनी खोका माळ्यावर टाकला. जेवताना हात ताटात नुसता फिरायचा.

मी मोहिनीराजाच्या देवळात रोज अकरा प्रदक्षिणा घालते. तिसऱ्या दिवशी मधेच पाय थबकले. देव उजव्या हाताला ठेवून मी वळत होते. मला कुणी पुढून बघो, मागून बघो, वळण तेच. घरी येऊन म्हटलं, "अहो, डावं-उजवं सोडा. मी 'प्रदक्षिणा' म्हणाले की रिमोटची काडी उजवीकडं. 'उलटी' म्हणाले की डावीकडं."

"देवाचं काम खेळण्याला लावतीस?"

"देवाला चालतंय. तुमचं बोला."

विमानाचं मोडलेलं नाक जोडून रविवारी पुन्हा वावरात गेलो.

"प्रदक्षिणा... अजून... बास, सरळ." विमान घारीएवढं वर गेलं.

"खाली काय दिसत असंल गं त्याला?"

"प्रवरा. पल्याडचा ऊस. देवळाचा कळस."

"आन आपण?"

"दोन ठिपके. चिकटून उभे."

हे हसले. तोंड आभाळाकडं, डोळे मिटलेले. बाविशीतले हे मी पाहिलेच नव्हते. आमचं लग्न नंतरचं. तेव्हा असेच दिसत असतील, असं वाटलं.

रिमोट टीं टीं करायला लागला. बॅटरी संपत आली की लगेच उतरवायचं, नाहीतर कोसळतं, हे ह्यांनीच मला दहादा बजावलेलं.

"उतरवू?"

आता उतरवलं तर विमान वाचणार होतं. पण ते पुन्हा उडेल तेव्हा हातातला रिमोट तरी ह्यांना दिसेल का, कोण जाणे.

"अजून एक फेरी घ्या," मी म्हणाले.